आजी, आठवतंय का?

आज दुपारी आत्याच्या डे केअर केंद्राने पाठवलेला व्हिडिओ पाहिला आणि तेव्हापासून माझी चीड काही केल्या जात नाही. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांसाठी त्यांनी 'शाळेचे दिवस' या विषयावर आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. पाटी, शाईची दौत, जुनी पाठ्यपुस्तके असे सारे मन लावून मांडले होते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती माईक घेऊन फिरण्याबद्दल. "आजी, आठवतंय का? कितवीत होतात? बाईंचं नाव काय?" उत्तर आले की टाळ्या आणि नाही आले की माईक पुढच्या खुर्चीकडे. आत्याची पाळी आली तेव्हा ती मान खाली घालून बोटे चोळत बसली होती.

तिची शाळा चौथीतच सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला घरी बसवले गेले, आणि सकाळी काय खाल्ले हे विसरणाऱ्या माझ्या आत्याला ती गोष्ट मात्र अजून पक्की आठवते.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूतील नव्या आठवणी नोंदणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाला सुरुवातीलाच झळ पोहोचते, त्यामुळे नवे काही नोंदले जाईनासे होते. जुने मात्र बराच काळ टिकते, त्यातही साधारण दहा ते तीस या वयातले अधिक. या कार्यक्रमांचा सारा आधार तोच आहे. पण टिकलेले ते प्रश्न विचारला म्हणून हजर होत नाही. समोरची वस्तू ओळखणे आणि विचारल्याबरोबर नाव सांगणे यांत फार अंतर आहे, आणि आपण नेमके जे हरवले आहे तेच चारचौघांत मागतो.

त्याच केंद्रातल्या एका मदतनीस मुलीने मागे एकदा आत्याच्या हातात शिवणकामाची टेप दिली होती. विचारले काहीच नाही. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेल्या आत्याने ती सवयीने गळ्यात टाकली, शेजारच्या बाईंना उभे केले, "ताठ उभ्या राहा हो" म्हणून दटावले आणि त्यांच्या खांद्याचे माप घेतले. मग ती कितीतरी वेळ बोलत राहिली. नावे चुकली, साले चुकली, मलाही गिऱ्हाईक समजून "परवा या, आज काज व्हायचीत" असे बजावले. ती मुलगी फक्त हुंकार देत होती. कार्यक्रम म्हणतात तो हा!

वृद्ध माणसे जुन्यात रमली की ती भ्रमिष्ट होत चालली, असे डॉक्टरही मानत, त्या काळात, १९६३ साली, रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने हे मागे वळून पाहणे स्वाभाविक आहे असे ठामपणे मांडले. आपण त्याचीही प्रश्नमंजूषा केली.

माईकवाल्या बाई वाईट नाहीत, एवढ्या जणांना एका वेळी सांभाळणे मला तासभरही जमणार नाही, हे कबूल. अशा उपक्रमांचा लाभ थोडा असतो आणि सगळीकडे सारखा नसतो, असे वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यातही म्हटले आहे; तेही कबूल. पण थोडाच लाभ असेल, तर तो अपमान न करता द्यावा.

शाळा, लग्न, पहिली नोकरी हे विषय ठरवताना ते सर्वांनाच सुखाचे गेले असतील असे आपण कशावरून धरतो? आधी घरच्यांना चार गोष्टी विचाराव्यात, प्रत्येकाच्या हाती त्याच्या कामाची एखादी वस्तू द्यावी. कोणाला रडू आलेच, तर घाईने गाणे लावू नये. शेजारी बसावे, हात धरावा, थांबावे. आत्याजवळ काल कोणी एवढे थांबले असते, तर तिने त्या सुटलेल्या शाळेबद्दलही सांगितले असते, असे मला राहून राहून वाटते. आणि व्हिडिओ काढायचाच असेल, तर निदान उत्तर न सुचलेला चेहरा तरी गटावर टाकू नये.

पुढच्या महिन्याचा विषय 'प्रवास' आहे असे कळले. कोणत्याही वाहनात बसले की आत्याला मळमळत असे, हे मी संयोजकांना आत्ताच लिहून कळवले आहे, आणि टेपचेही.