वॅटच्या आकड्याला भुलू नका
कॉम्प्युटर स्पीकरवरच्या लेखातलं 'जितके जास्त वॅट तितका चांगला आवाज' हे वाक्य काही पटलं नाही. खोक्यावर पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला) आकडा छापला असेल तर त्याला काडीचा अर्थ नाही, आरएमएस (सलग मिळणारी खरी ताकद) बघा. दहा बाय बाराच्या खोलीत एडिफायर आर१२८०टी या स्पीकर जोडीचे ४२ वॅट पुरून उरतात आणि ४ इंची वूफरमुळे (बास म्हणजे खर्जाचा आवाज काढणारा भाग) डग्ग्याची घुमारही कळते. ब्लूटूथ नाही त्यात, पण कॉम्प्युटरला वायरच जोडायची तर हवंय कशाला? टेबल अगदीच चिमुकलं असेल तर क्रिएटिव्ह पेबल, यूएसबीवरच चालतात (खोल बास मात्र विसरा). आणि कुठलेही घ्या, भिंतीला खेटून ठेवू नका, बास नुसता घुमत राहतो. ट्वीटर (वरचे, बारीक सूर काढणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला आणा. खाली दोन जाड पुस्तकं सरकवली तरी भागतं.