पुण्याचे चारही क्लब म्हणे पुणेकरांनी घालवले

हैदराबाद एफसी हा फुटबॉल क्लब 2025 मध्ये दिल्लीला गेला, ‘स्पोर्टिंग क्लब दिल्ली’ झाला आणि एक जुना युक्तिवाद पुन्हा फिरायला लागला. पुणेकर मैदानात गेले नाहीत म्हणून पुण्याचे चार फुटबॉल क्लब गेले. त्यातला एक हैदराबादला हलवला तर थेट चॅम्पियन झाला. आणि पैसा मालकाचा, मग क्लब कुठे न्यायचा हे विचारणारे तुम्ही कोण?

चार क्लब कोणते, हे हा युक्तिवाद पुढे पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल कोण जाणे. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, दुसरा आला होता. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिथली जागा मैदानावर जिंकून मिळत नव्हती, पैसे मोजून घ्यावी लागत होती. आय-लीग मागच्या बाकावर गेली आणि 2015 मध्ये पुणे एफसी आटोपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. एका हंगामात कुठल्या गावात प्रेक्षक तयार होतो? डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला, तेव्हा मालक समूह ठेवीदारांच्या थकलेल्या पैशांत गळ्यापर्यंत बुडालेला होता.

उरला एफसी पुणे सिटी. याच्याबाबतीत तारखा बघाच. मार्च 2018 मध्ये संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत होता. क्लबमागे वाधवान मंडळी, म्हणजे डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी. जून 2019 मध्ये डीएचएफएलने देणी थकवली. ऑगस्टमध्ये क्लबची आयएसएलमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळच बरखास्त केलं. बालेवाडीला, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानावर, आणखी दोन-तीन हजार तिकिटं खपली असती तर हे गणित सुटलं असतं, असं म्हणायचंय का?

गॅलऱ्या बरेचदा रिकाम्या असायच्या, हे खरंच आहे. पण बालेवाडीचं स्टेडियम 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, गावाच्या पार टोकाला, महामार्गालगत. गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये अख्खा धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते अंदाजानेच समजून घ्यायचं. हडपसरच्या माणसाने कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथे वेळेवर पोचून दाखवावं! कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या तिथल्याच दोन संघांचा सामना असला की पाय ठेवायला जागा नसते. मैदान चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि संघ पेठेतला, तालमीचा आहे. फुटबॉल महाराष्ट्रात चालत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

आता हैदराबादचं यश. मार्सेलिन्हो, आदिल खान, कमलजित सिंग असे पुण्याचेच खेळाडू घेऊन गेलेला संघ 2019-20 च्या पहिल्या हंगामात तळाला गेला. 2021-22 चं विजेतेपद खरं आहे, पण करोनामुळे तो सबंध हंगाम गोव्यात झाला. म्हणजे ज्या वर्षी ‘हैदराबादने क्लब वाचवला’, त्या वर्षी हैदराबादकरांना घरच्या मैदानावर एकही सामना दिसला नाही. दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, फिफाने नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली, निम्मा संघ सोडून गेला आणि क्लब पुन्हा तळाला. 2024 मध्ये मालक बदलला, 2025 मध्ये शहर बदललं. चॅम्पियन झालेल्या शहरालाही क्लब टिकवता येत नसेल, तर दोष फक्त पुण्याच्या प्रेक्षकांचा कसा?

‘परदेशातही क्लब हलतात’ हा याच युक्तिवादाला जोडला जाणारा आणखी एक मुद्दा. इंग्लंडमधला विम्बल्डन हा लंडनचा फुटबॉल क्लब हलला, बरोबर. 2002 मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या आयोगाने परवानगी दिली, 2003 मध्ये क्लब सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला गेला. पण जाण्याआधीच त्याने दिवाळखोरीच्या वाटेवर प्रशासकाचा आसरा घेतला होता. इकडे चाहत्यांनी 2002 मध्येच स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला, तळच्या लीगमधून सुरुवात करून 2011 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आणला आणि 2020 मध्ये प्लाऊ लेनवर, म्हणजे मूळ क्लबच्या जुन्या जागी, परत नेला. 2025 पासून इंग्लंडमध्ये कायदाच आहे : घरचं मैदान सोडायचं तर स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागते. उदाहरण द्यायचंच तर पूर्ण द्यावं.

राहिला मालकाचा पैसा. तो मालकाचा, कबूल. पण बालेवाडीचं स्टेडियम सरकारी, म्हणजे तुमच्या-आमच्या करातलं. आणि जर्सीवरचं ‘पुणे’ कुणी विकत घेतलेलं नव्हतं. ते नाव ताळेबंदात किती रुपयांना धरलं होतं, तेवढं कुणीतरी दाखवा, मग तिकिटांचा हिशोब मागा.