ट्रकची लंकेची पार्वती

जुना पिकअप ट्रक एक्स्चेंजमध्ये द्यायचं ठरलं, नवा पसंत पडला, रंगही घरात सर्वानुमते (म्हणजे तुमच्या मते) नक्की झाला. आता राहिलं एकच काम, ते म्हणजे जुन्याच्या अंगावरचे दागिने उतरवणं. अशी वेळ आयुष्यात तीन-चारदाच येते, त्यामुळे ते काम नीट बिघडवता यायला हवं. या विषयात माझा अधिकार मोठा आहे. मी विकलेल्या एका ट्रकच्या बंपरला माझ्या हातची चार भोकं होती. ती पाहून नव्या मालकाने माझ्याबद्दल काय उद्गार काढले असतील, याची मला साधारण कल्पना आहे.

सुरुवात हिशेबाने करा. ट्रक घेतल्यापासून त्याच्यावर जे जे चढवलं त्याच्या पावत्या काढा. पुढचा लोखंडी बुलबार, रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच, छतावरचा लाइट बार, साइड स्टेप, हौद्याचं गुंडाळतं झाकण, रुंद टायर, अलॉय व्हील, ट्रक उंच करणारं लिफ्ट किट, आणि शेजारच्या गाडीच्या काचा थरथरवणारा बूफर. सगळ्याची बेरीज करून ती ट्रकच्या किमतीत मिळवा. हा झाला तुमच्या ट्रकचा खरा भाव. तो जगात फक्त तुम्हालाच ठाऊक असतो, ही त्याची एकमेव अडचण.

कारण किंमत ठरवायला जो माणूस येतो तो मॉडेल बघतो, वर्ष बघतो, किती किलोमीटर पळाला ते बघतो, पत्रा कुठे ठोकून सरळ केलाय का ते बोटाने वाजवून बघतो, टायरची नक्षी किती उरली ते बघतो. तुमच्या लाइट बारसाठी त्याच्या कागदावर रकानाच नसतो. लिफ्ट किटची दखल मात्र तो आवर्जून घेतो आणि लगेच भाव खाली आणतो. इतका उचललेला ट्रक दगडधोंड्यांवरून हाकलल्याशिवाय मालकाला झोप लागत नसणार, असा त्याचा तर्क असतो. (तर्क बरोबर असतो, पण म्हणून तो तोंडावर सुचवायचा का?) तुम्ही ज्याला हौस म्हणता त्याला तो फेरफार म्हणतो. पुढच्या गिऱ्हाइकाला तुमची हौस नको असते, त्याला त्याची स्वतःची करायची असते.

अशा वेळी वाद घालू नका. अपमान मनात नीट मुरू द्या, 'बरं' म्हणा, सही करा आणि घरी येऊन पान्यांची पेटी उघडा. पैसे देत नाहीस ना? मग भोकं घे.

इथे क्रमाला फार महत्त्व आहे. काही भित्री माणसं काय काढायचं ते आधी काढतात आणि मग ट्रक दाखवायला नेतात. काही तर त्याहून भित्री. ती 'हे हे काढून घेणार आहे' असं आधीच सांगतात आणि कागदावर लिहूनही घेतात. अशाने व्यवहार सुरळीत पार पडतो आणि नंतर सांगायला काही उरत नाही. तुम्ही ट्रक पूर्ण शृंगारात दाखवा, भाव पक्का करून घ्या आणि ताबा देण्याच्या दिवशी लंकेची पार्वती करून नेऊन उभा करा. समोरचा नव्याने भाव करायला लागला की मनापासून आश्चर्य वाटू द्या.

काम सुरू करायची योग्य वेळ म्हणजे आदल्या रात्रीची जेवणं झाल्यावर. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून ते रात्रभर मुरू द्यायचं असतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायचं असतं, असं जाणकार सांगतात. तुमच्याकडे एकच रात्र आहे, आणि ती मुरवण्यात घालवायची नाही. सर्वांत आधी लाइट बार काढा, म्हणजे पुढचं काम अंधारात करावं लागेल. मग टॉर्च लावलेला मोबाइल दातांत धरून ट्रकखाली शिरा.

ब्रॅकेट अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा असेल तर तुम्ही नशीबवान आहात. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटलेले, त्यांच्यात चिखलाचं खारट पाणी. एवढ्या सामग्रीत तिथे एक चिमुकली बॅटरीच तयार होते आणि ती वर्षानुवर्षं गुपचूप अ‍ॅल्युमिनियम खात बसते. अशा ठिकाणी बोल्ट सुटत नाही, तुटतो. पान्याला लांब पाइप लावून सगळं वजन टाकलंत तर हमखास तुटतो, आणि नेमका अशा जागी तुटतो की उरलेला अर्धा धरायला पक्कड पोहोचत नाही. उरलेल्या तीन बोल्टांवर हाच प्रयोग करायचा मोह आवरू नका.

एवढं करून वस्तू निघाली की खाली भोकं दिसतात. बसवताना ती तुम्हीच पाडली होती, पण त्या दिवशी ती भोकं नव्हती, 'फिटिंग' होतं. पत्र्याला भोक पाडलं की आतल्या कडेला रंग नसतो. तिथे त्याच दिवशी प्रायमर लावून ती कड झाकायची असते. तुम्ही लावलेला नाहीच. त्यामुळे आता प्रत्येक भोकाभोवती तांबूस वर्तुळ उमटलेलं असेल आणि त्याखालून पाण्याचा ओघळ गेला तसा गंजाचाही गेलेला असेल. नीट करायचं तर घासा, लांबी (म्हणजे पुट्टी) भरा, रंग मारा, मग तो रंग बाकीच्या रंगाशी जुळत नाही म्हणून अख्खं दार रंगवा. या खर्चात आणखी दोन साइड स्टेप सहज आल्या असत्या. म्हणून रबरी बूच दाबून बसवा आणि कोणी विचारलंच तर पाणी निघून जायची सोय कंपनीकडूनच आली होती असं सांगा.

जिथे भोक नाही तिथेही निराश होऊ नका, तिथे सावली मिळेल. ट्रकचा रंग वर्षानुवर्षं उन्हाने फिकटतो, पण चिकटवलेल्या वस्तूखालचा रंग शोरूममधून आला तसाच राहतो. फाळक्यावर मोठ्या अक्षरांत काही चिकटवलं असेल तर स्टिकर गेल्यावरही ते वाचता येतं. अक्षरं निघतात, मजकूर राहतो. मी हौसेने माझं टोपणनाव लिहिलं होतं. ते काय होतं ते इथे सांगणार नाही. ट्रक घेणाऱ्याला ते माहीत आहे, तेवढं पुरे.

दाराच्या काचांवरचे पाऊस अडवणारे व्हायजर दुहेरी चिकटपट्टीवर बसलेले असतात. ही फोमची पट्टी साधीसुधी नव्हे. अशा अ‍ॅक्रिलिक फोमच्या पट्ट्या १९८० पासून बाजारात आहेत आणि मोठमोठ्या इमारतींच्या दर्शनी भागाचे पत्रेसुद्धा त्यांच्या भरवशावर चिकटवतात. ती काढायची रीत अशी की केस वाळवायच्या यंत्राने गरम करायची आणि मऊ पडली की मागून मासे धरायची दोरी किंवा दातांत फिरवायचा धागा करवतीसारखा ओढत न्यायचा. दात कोरून पोट भरत नाही हे खरं, पण दात कोरायच्या धाग्याने व्हायजर मात्र सुबक निघतो. आपल्याला सुबकपणाशी काय करायचंय? चपटा स्क्रू ड्रायव्हर घाला आणि उचका. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्राही आला की पकड किती मजबूत होती याची खात्री पटते.

मागच्या काचेवर काळी फिल्म असेल तर ती वाफेने ढिली करून सावकाश सोलतात. तुम्ही सरळ ब्लेड चालवा. काचेच्या आतल्या बाजूला ज्या बारीक आडव्या रेघा दिसतात त्या काच गरम करून धुकं घालवण्यासाठी असतात. ब्लेडने त्या रेघा तुटतात. पण उन्हाळ्यात हे कोणाच्या लक्षात येतंय?

आता वायरिंग. इथे तुमच्या कलेला खरा वाव आहे.

विंच, लाइट बार, अ‍ॅम्प्लिफायर, हॉर्न, हौद्यातले दिवे या सगळ्यांसाठी तुम्ही निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या मूडमध्ये तारा ओढल्या. सगळ्या लाल, कारण घरात लाल तारेचं भेंडोळं होतं. काही फ्यूजमधून गेल्या, काही थेट बॅटरीवरून, आणि काही कंपनीच्या मूळ तारेला मधेच चिमटा लावून चोरवाटेने. तो चिमटा मूळ तारेचं आवरण कापून आत शिरतो, आणि तो काढला की ती तार तिथे उघडी पडते. पुढे ओल शिरून हिरवी पडते, आणि मग कधीतरी डावा इंडिकेटर दिला की रेडिओ बंद पडतो. पण तोवर ट्रक दुसऱ्याचा झालेला असतो.

थेट बॅटरीवरून आलेली तार वस्तूच्या टोकाला कापून तशीच लोंबत सोडणं हा तर आपल्या विषयातला कळस. इथे क्षणभर थट्टा बाजूला ठेवतो, कारण हे मी एकदा केलं आणि चेसिसला टेकलेल्या त्या टोकातून उडालेली ठिणगी अजून डोळ्यांपुढून जात नाही. बॅटरी फक्त १२ व्होल्टची असते, त्या व्होल्टेजचा झटका हाताला जाणवतही नाही. पण मधे फ्यूज नसेल तर तीच तार क्षणात लाल होऊन आवरणाला आग लावू शकते. आधी बॅटरीचं ऋण टोक सोडा, आणि तार काढायची तर बॅटरीपासून टोकापर्यंत पूर्ण काढा. झालं. परत थट्टेकडे.

सीटखालचा बूफर काढताना पिवळा कनेक्टर दिसला की तो अवश्य ओढून पाहा. पिवळं म्हणजे बहुधा एअरबॅग. तो सुटलेला असताना चावी फिरवलीत की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि कनेक्टर परत जोडला तरी तो दिवा बऱ्याचदा आपणहून जात नाही, स्कॅनर लावूनच घालवावा लागतो. हा दिवा तुमच्याकडून नव्या मालकाला भेट.

चाकांकडे वळू. मूळ चाकं तुम्ही तेव्हाच कोणालातरी देऊन टाकली असतील, 'काय करायचीत' म्हणून. आता तीच शोधत फिरा. मिळाली तर नट मिळणार नाहीत, कारण अलॉयचे नट निमुळत्या बुडाचे आणि तुमच्या मूळ चाकांचे कदाचित गोल बुडाचे. दोन्ही एकाच आट्यावर आनंदाने चढतात, घट्टही वाटतात, पण चाक नीट बसत नाही. हवेचा दाब सांगणारे सेन्सर बहुतेक गाड्यांत चाकाच्या आत असतात. ते अलॉयबरोबर गेले की डॅशबोर्डवर दुसरा दिवा. लाल एकटा होता, त्याला सोबत मिळाली.

मोठ्या टायरांचा एक फायदा मात्र कबूल करायला हवा. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला आणि स्पीडोमीटर जुळवून घेतला नाही, तर काटा १०० दाखवतो तेव्हा ट्रक ११० ने पळत असतो. किलोमीटरचा आकडाही तेवढाच मागे राहतो. म्हणजे ट्रक कागदावर दिसतो त्याहून जास्त पळालाय. मूळ चाकं परत बसवली की या गोष्टीचा मागमूस राहत नाही. 'काटा खोटं बोलत नाही' असं डीलर म्हणाला की मान डोलवा.

लिफ्ट किट एका रात्रीत निघत नाही, पण प्रयत्न सोडू नका. पुढची बाजू उतरवा. मागची उतरवेपर्यंत उजाडलेलं असेल, तसाच न्या. ट्रक शोरूममध्ये वाकून शिरेल, त्याचा विनय सगळ्यांच्या नजरेत भरेल. व्हील अलाइनमेंटचं नाव काढू नका.

इंजिनाचा प्रोग्रॅम बदलणारा डबा तारेसकट उपटा. आधी जुना प्रोग्रॅम परत चढवायला लावणाऱ्या सूचनापत्रकाची सुरळी करा. यांतले पुष्कळ डबे पहिल्या ट्रकच्या चेसिस नंबराशी बांधलेले असतात आणि तिथून रीतसर सोडवून घेतल्याशिवाय दुसऱ्या गाडीला हात लावत नाहीत. तेवढी निष्ठा हल्ली कोण दाखवतं?

हौद्यात फवारलेला काळा थर मात्र निघत नाही. त्याला सोडून द्या. चारही भिंतींना तोच एकटा शांतपणे धरून असतो.

सकाळी ताबा द्याल तेव्हा ट्रकवरून तुमची एकेक गोष्ट उतरलेली असेल. राहिल्या असतील फक्त किरकोळ गोष्टी: ब्लूटूथमध्ये तुमच्या सगळ्या नातेवाइकांचे फोन नंबर, नेव्हिगेशनमध्ये 'घर' या नावाने साठवलेला पत्ता, आणि सनव्हायजरला अडकवलेला घरच्या फाटकाचा रिमोट. नट मोजून घेतलेत ना, मग झालं.

उतरवलेला माल आता घराच्या एका कोपऱ्यात पडलाय. विंच पस्तीसेक किलोची, ती रात्री तुम्ही एकट्याने उचलली, त्यामुळे दोन दिवस तुम्हीही त्याच कोपऱ्यात पडून आहात. हौद्याचं झाकण नव्या ट्रकच्या हौद्यापेक्षा वीतभर लांब निघालं. बुलबारचे पाय जुन्या चेसिसच्या मापाचे. विकायला काढलं तर घेणारा विचारतो, 'ट्रकवर बसवलेला फोटो आहे का?' आहे, पण त्यात मागे तुमचं टोपणनाव दिसतं. मोजल्यापेक्षा अकरा स्क्रू जास्त निघालेत. ते कुठले, याचा विचार आता ज्याचा ट्रक त्याने करावा.

आणि तो लाइट बार. नव्याच्या छतावर नुसता ठेवून पाहिलात, फार काही नाही, ब्रॅकेट दोन बोटं पुढे येतोय. ड्रिल चार्ज आहे ना?