बैठक कशी बसवावी

भाची माहेरी आली आहे, गालावर वळ आहेत आणि तुम्हाला 'जरा येऊन जा' असा फोन आला आहे. अभिनंदन! नात्यागोत्यातलं समंजस माणूस म्हणून तुमची निवड झाली. आता बैठक बसवायची.

बैठकीला दोन्हीकडची वडीलधारी मंडळी हवीत. जिने मार खाल्ला ती नसली तरी चालतं. ती आत चहा टाकेल. 'भांड्याला भांडं लागायचंच' इथून सुरुवात करा. कोणतं भांडं कोणी कोणाच्या डोक्यात घातलं, एवढं खोलात शिरू नका. जावईबापूंना 'झालं गेलं विसरा' म्हणा. ते मोठ्या मनाचे असतात, लगेच विसरतात.

धोका आहे तो कायद्याचा. २००५ साली संसदेने कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा केला, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागूही आहे. करणाऱ्यांना आपल्या घरांतलं जरा जास्तच ठाऊक असावं. मारहाण एक वेळ समजू शकतो, पण मुलगा होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं, अंगावरचं सोनं काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, हेसुद्धा हिंसाचारात! वर राहत्या घराचा हक्क: घर कोणाच्याही नावावर असो, तिला असंच बाहेर काढता येत नाही. 'घर सासूच्या नावावर आहे' हा आपला हुकमी पत्ता, तर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचीही धार घालवली.

पोरगी पोलिसांचं नाव काढेल. 'नवरा तुरुंगात जाईल, संसार मोडेल' असं लगेच सांगा. या कायद्याखाली अर्ज करायला घटस्फोट मागावा लागत नाही, न्यायालय आधी त्याला नुसतं 'हात लावू नकोस, खर्च दे' असं बजावतं आणि हात न लावण्याचा आदेश त्याने मोडला तरच वर्षभरापर्यंतची कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे तिच्या कानावर जाता कामा नये. 'वकिलाला पैसे कुठून आणशील?' हाही प्रश्न चांगला बसतो. फक्त विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तिथे कोणी बोलू नये. १८१ हा हेल्पलाइनचा नंबर तर घरातल्या पोरांनाही कळू देऊ नका, पोरं फोन लावतात.

तरीही ती गेलीच, तर धीर सोडू नका. पहिली सुनावणी साधारण ३ दिवसांत आणि निकाल शक्यतो ६० दिवसांत, असं कायदा म्हणतो. तारखा कशा पडतात ते तुम्ही बांधाच्या दाव्यात बघितलंच आहे. अशा बायकांच्या मदतीला या कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या टेबलावरही इतर कामांची थप्पी असते.

शेजारणीवर मात्र लक्ष ठेवा. भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं म्हणून तिने संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं, तर चांगल्या हेतूने दिलेल्या खबरीबद्दल कायदा तिला हात लावू देत नाही. तेव्हा 'दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसता' हे वाक्य तयार असू द्या. हे एरवी तुम्हालाही लागू पडलं असतं, पण तुम्ही घरचे.

शेवटी स्टॅम्प पेपर. त्याने 'यापुढे असं होणार नाही' लिहायचं, तिने 'उलटून बोलणार नाही'. म्हणजे दोघांचंही समाधान. खाली साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल. सुवाच्य करा. पुढेमागे पोलीस कागद बघायला आले, तर नाव वाचता आलं पाहिजे.