रात्री अकराचे पाय

ज्याचे पाय रात्री शिवशिवतात, त्याच्याशी जागेचा व्यवहार बोलायचा असेल तर सकाळी दहाची वेळ घ्यावी. बांधाचा वाद, मुलीचं स्थळ, भिशीचे पैसे, काहीही असो. तोच प्रश्न त्याच माणसाला रात्री अकराला विचारलात तर उत्तर मिळेल, चांगलं भरभरून मिळेल. फक्त ते त्याच्या डोक्यातून आलेलं नसेल, पोटऱ्यांतून आलेलं असेल.

आम्ही या जमातीतले. आजाराचं नाव रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं 1672 मध्ये याचं वर्णन लिहून ठेवलं, आणि अशा रोग्यांना अंथरूण म्हणजे छळाची जागा होते असं म्हटलं. पुढे 1940 च्या दशकात स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबोम यांनी त्याची नीट मांडणी केली. एवढं सगळं होऊनही आमच्या आत्याबाईंचं निदान ठाम आहे: "वात हाय. तेल लाव आन् गप पड." तेल लावायला आमची हरकत नाही. गप पडणं तेवढं जमत नाही.

ओळखायचं कसं? पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते. बसलं किंवा आडवं झालं की ती सुरू होते, चाललं की थांबते, चालणं थांबवलं की पुन्हा हजर. आणि दिवस मावळला की वाढते. पोटरीत गोळा येतो ते हे नव्हे. गोळ्यात पोटरी कडक होते आणि माणूस ओरडतो. मांडी घालून बसल्यावर मुंग्या येतात, तेही वेगळं. त्या पाय मोकळा केला की जातात. आमचं धड दुखत नाही, धड खाजत नाही. हाडाच्या आत कुणीतरी सोडावॉटर ओतल्यासारखं वाटतं, आणि हे डॉक्टरांना सांगायला माणूस दहा वर्षं लाजतो.

हा आजार घड्याळ लावून चालतो. दिवेलागणीनंतर चढत जातो, मध्यरात्रीच्या आगेमागे शिखर गाठतो, पहाटे उतरतो, आणि सकाळी दहा-अकरापर्यंत पाय अगदी साधुसंत. दिवसभराच्या थकव्यानं असं होतं, असा समज आहे. पण लोकांना सलग जागं ठेवून, दिवस-रात्रीचा फरक पुसून तपासलं, तरी पाय रात्रीच चाळवले. डोपामिन म्हणजे मेंदूतले निरोप पोचवणारं एक रसायन. त्याचं काम संध्याकाळी मंदावतं, रक्तातलं लोहही रात्री खाली जातं, आणि डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. आमच्या मेंदूत लोहाचा तुटवडा मुळातच असतो. रात्री तो उघडा पडतो.

यासाठी एक चाचणीसुद्धा आहे. झोपायच्या आधी पाठ कलती टेकून, पाय लांब करून, पलंगावर एक तास बसायचं. हलायचं नाही, झोपायचं नाही, वाचायचं नाही. ठरावीक मिनिटांनी 'किती त्रास होतोय' ते सांगायचं. ज्यांनी सत्कार समारंभात पहिल्या रांगेत बसून चार पाहुण्यांची मनोगतं ऐकली आहेत, त्यांची ही चाचणी फुकटात झालेली आहे.

सोलापूरकराला हे वेळापत्रक रेल्वेमुळे लवकर कळतं. रात्री साडेदहानंतर सुटणारी मुंबईची सिद्धेश्वर एक्स्प्रेस म्हणजे बरोबर शिखराची वेळ. मधला बर्थ मिळाला तर तिकीट रद्द केलेलं परवडतं, कारण त्यावर धड बसताही येत नाही. वरच्या बर्थवरून रात्रीत दहादा उतरायचं तर खालच्याच्या हातावर पाय पडतो आणि "झोप की बे!" ऐकावं लागतं. साइड लोअर घ्यावा. आखूड असतो, पण उठलं की थेट पॅसेजमध्ये. उलट सकाळी साडेसहाच्या सुमाराची पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली तर पाय पुण्यापर्यंत ब्रसुद्धा काढत नाहीत. गाडी तितकीच हलते, खुर्ची तितकीच अरुंद. वेळ तेवढी वेगळी.

आता डोक्याकडे वळू. इतकं जागरण झालेला माणूस दिवसा पेंगायला हवा. आम्ही त्या मानानं कमी पेंगतो. या आजारात मेंदूतली जागं ठेवणारी यंत्रणाही चढेल असते असं आता मानतात. एका मिनिटात एकाच अक्षरानं सुरू होणारे शब्द सांगायचे, अशा चाचणीत तेवढीच झोप तुटलेल्या निरोगी माणसांपेक्षा आमचे लोक सरस ठरलेले आहेत. म्हणजे रात्री दोनला शब्द भरपूर सुचतात. विवेक त्या प्रमाणात सुचतो असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. म्हणून रात्रीचे निर्णय कागदावर लिहावेत आणि सकाळी चहानंतर वाचावेत. 'नोकरी सोडून हुरडा पार्टीचा धंदा' ही कल्पना बहुतेक चहातच विरघळते.

गंमत अशी की डोकं खरंच गुंतलं तर पाय शांत होतात. 'खरंच' महत्त्वाचं. मालिका बघून काही होत नाही, मोबाइल नुसता सरकवून तर नाहीच. हिशेब जुळवणं, शब्दकोडं, रमी, विणकाम चालतं. सगळ्यांत गुणकारी म्हणजे भांडण. रात्री अकराला कुणी 2009 च्या लग्नातला आहेर उकरून काढत असेल, तर तो औषध घेतोय असं समजावं.

शरीराचे उपायही आहेत. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, गुडघा ताठ, तीस सेकंद. दोन्ही पायांना तीन-तीनदा. पोटऱ्या चोळणं. कुणाला गार पाण्यानं बरं वाटतं, कुणाला गरम. मे महिन्यात सोलापुरात हा वाद उरत नाही. रात्री अकरालाही गच्चीवरच्या टाकीतून गरमच येतं.

बिघडतं कुठे? संध्याकाळचा कडक चहा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड. नैराश्यावरची काही औषधंही, पण ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांना सांगायचं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा रक्तातला आकडा, सकाळी उपाशीपोटी तपासावं. लॅबच्या कागदावर 30 आकडा 'नॉर्मल' छापून येतो आणि माणूस खूश होऊन घरी जातो. या आजारात मात्र 75 च्या आत असलं तरी डॉक्टर लोह द्यायचा विचार करतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब, बऱ्याचदा एक दिवसाआड. शौच काळी झाली तर घाबरू नये. पण तपासणीशिवाय सुरू करू नये, जास्तीचं लोह यकृतात साठतं. आणि शेंगाचटणीनं फेरिटिन वाढत नाही. वाढत असतं तर सोलापुरात हा आजार शिल्लकच राहिला नसता.

या आजारावर देतात त्या, डोपामिनसारखं काम करणाऱ्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल या गोळ्यांचा किस्सा वेगळाच. पहिले काही महिने वाटतं, देव भेटला. मग रात्री नऊचा त्रास सातला येतो, मग चारला, मग हातातही उतरतो. डोस वाढवला की घड्याळ आणखी पुढे पळतं. शिवाय काहींना त्यावर जुगाराची किंवा खरेदीची अनावर हुक्की येते. रात्री दीडला तिसरा मिक्सर मागवला जात असेल तर दोष सेलला देण्याआधी गोळीचं पाकीट बघावं. म्हणून आता बरेच डॉक्टर गाबापेंटिन किंवा प्रिगाबालिनपासून सुरुवात करतात. त्यांनी पाय निजतात, पण काहींचं डोकं सकाळी जड राहतं. म्हणजे आमची हक्काची दहाची वेळच जाते. डोस किती आणि रात्री किती वाजता, यावर डॉक्टरांशी घासाघीस करावीच लागते.

एका बाबतीत मात्र गल्लीत आम्हाला मान आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक. रात्री दोनला तोटी फुसफुसली की पहिली बादली आमची लागते. मोटर चालू करून, पाइप जोडून, आम्ही शेजारच्या तीन घरांच्या कड्या वाजवतो. एरवी 'काय तुमचा चाळा' म्हणणारे लोक त्या वेळी हंडे घेऊन धावत येतात, आणि जाताना सांगतात, "परवाबी उठवा हं, मालक."