बिली वाइल्डर 'कम्फर्ट झोन'मधून बाहेर पडला म्हणे!

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. भाच्याने टीवायच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही असं ठरवलंय. त्याला पटकथा लिहायच्या आहेत. बरं, लिही की बाबा. पण आईची समजूत काढायला या शहाण्याने काय करावं? एक फॉरवर्ड पाठवला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा येऊन गेलाय. थोडक्यात असा: शिक्षण अर्धवट, हॉटेलात वेटर, सत्ताविसाव्या वर्षी बर्लिनचं सुखाचं आयुष्य आणि पाय मागे ओढणारं घर सोडून स्वप्नापायी अमेरिका गाठली. ओळखीचं कुत्रं नाही, इंग्रजीचा शब्द येत नाही. सहा महिने रेडिओ ऐकला आणि पटकथा लिहायला लागला, अंकशास्त्र बघून नावाचं स्पेलिंग बदललं आणि सात ऑस्कर! खाली जोडलेले हात आणि 'कम्फर्ट झोन सोडा'.

हा माणूस म्हणजे बिली वाइल्डर. 'सनसेट बुलेवार्ड', 'सम लाइक इट हॉट', 'द अपार्टमेंट'वाला. मी त्याच्या सिनेमांवर वाढलेली बाई, त्यामुळे ताईला म्हटलं, तू झोप, याला मी बघते.

किरकोळ गोष्टी आधी. ऑस्कर सहा. 1988 साली ऑस्करवाल्यांचाच थालबर्ग सन्मान मिळाला, तो धरून कुणीतरी सात केले असावेत. स्पेलिंगचं तर हसूच येतं. खरं नाव सॅम्युएल. आई तरुणपणी अमेरिकेत राहून आलेली, तिला घोडेस्वारी-नेमबाजीचे खेळ करणाऱ्या बफेलो बिलचं भारी कौतुक, म्हणून ती याला 'बिली' म्हणायची. अमेरिकेत ते जुनं स्पेलिंग (Billie) मुलीचं वाटतं, म्हणून शेवटची दोन अक्षरं काढून एक घातलं (Billy). अंकशास्त्राचा काय संबंध? मराठीत लिहायचं तर आधीही बिली आणि नंतरही बिलीच.

वेटर तो नव्हता. बर्लिनच्या ईडन हॉटेलात एकट्या आलेल्या बायकांबरोबर पैसे घेऊन नाचायचं काम त्याने काही काळ केलं. आणि त्यावर लगेच वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली, 1927 च्या जानेवारीत. म्हणजे नाचत होता तेव्हाही डोकं बातमीदाराचंच चालू होतं. 1925 पासून तो व्हिएन्नात वर्तमानपत्री लिखाण करत होता, विशीही गाठली नव्हती. ताईचे चिरंजीव सकाळी साडेदहाला उठतात.

पदवी नव्हती, हे मात्र खरं आहे. मान्य. घरच्यांना मुलगा वकील व्हायला हवा होता आणि तो झाला नाही. रेडिओचंही खरं आहे, बेसबॉलची समालोचनं आणि मालिका ऐकून तो इंग्रजी शिकला. पण सहा महिन्यांत पटकथा? तो अमेरिकेत पोचला 1934 ला. 1936 मध्ये पॅरामाउंट स्टुडिओने त्याची जोडी चार्ल्स ब्रॅकेटशी लावून दिली आणि 'निनोच्का'सारखे सिनेमे त्यानंतरचे. हा ब्रॅकेट कोण? 'न्यू यॉर्कर'चा माजी नाट्यसमीक्षक आणि हार्वर्डमधून वकिली शिकलेला माणूस! पदवी नसलेल्याच्या इंग्रजीला टेकू दिला तो पदवीवाल्याने. फॉरवर्डमध्ये बिचाऱ्याचं नावही नाही. हॉलिवूडमध्ये पहिला सिनेमा दिग्दर्शित करायला 1942 उजाडलं.

ओळखीचं कुणी नाही हेही खोटं. थोरला भाऊ आधीपासून अमेरिकेत होता. बर्लिनचाच दिग्दर्शक जो मे तेव्हा कोलंबिया स्टुडिओत होता, त्याच्यामुळे याची एक गोष्ट स्टुडिओने घेतली आणि आठवड्याला दीडशे डॉलरचं काम ठरलं. गाठीशी जर्मनीत लिहिलेले सिनेमे होते, 1931 चा 'एमिल उंट डी डिटेक्टिव्ह' त्यातलाच. पॅरिसमध्ये एक सिनेमा त्याने भागीदारीत दिग्दर्शितही केला होता.

आता ते वाक्य, ज्याने माझं डोकं फिरलं. 'सुखाचं आयुष्य आणि पाय मागे ओढणारं घर सोडून.'

अरे, तो ज्यू होता! 27 फेब्रुवारी 1933 ला बर्लिनमध्ये राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला, आग लागली, आणि त्यानंतर तो निघाला तो पॅरिसला. तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मार्च संपायच्या आत ऊफा या तिथल्या सगळ्यात मोठ्या स्टुडिओने ज्यू माणसांना काढायचं ठरवलं होतं. याला कम्फर्ट झोन म्हणतात?

अमेरिकेतही तो आला पाहुण्याच्या व्हिसावर. कायम राहायचं तर देशाबाहेर जाऊन परत यायला हवं, म्हणून सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या मेक्सिकाली गावी अमेरिकी वकिलातीत गेला. हा किस्सा त्याने स्वतः 1988 च्या त्या ऑस्कर सोहळ्यात सांगितला. हातात जेमतेम दोनचार कागद. बाकीचे आणायचे कुठून, नाझी जर्मनीतून? अधिकाऱ्याने विचारलं, काम काय करता? सिनेमे लिहितो. तो अधिकारी उठला, मागे फेऱ्या मारल्या, परत येऊन पासपोर्टवर शिक्का मारला आणि म्हणाला, चांगले लिहा. एका अनोळखी माणसाच्या मर्जीवर सगळं अडलं होतं. त्या जागी दुसरा कुणी बसला असता तर?

आणि ते 'पाय मागे ओढणारं घर'. वडील 1928 मध्येच गेले होते. आई, आजी आणि सावत्र वडील युरोपातच राहिले. तिघं ऑशविट्झच्या छळछावणीत मारली गेली असंच बरीच वर्षं धरलं जायचं. त्याचे ऑस्ट्रियन चरित्रकार आंद्रेआस हुटर यांनी पोलंड आणि इस्रायलमधली दफ्तरं धुंडाळून 2011 मध्ये छडा लावला. सावत्र वडील 1942 मध्ये बेल्झेत्सच्या छावणीत मारले गेले. आजी 1943 मध्ये नोव्ही टार्गच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, वारली. आई त्याच वर्षी प्लाशॉवच्या छावणीत मारली गेली, जिने त्याला बिली हे नाव दिलं ती. वाइल्डर 2002 मध्ये वारला, म्हणजे आई नक्की कुठे मारली गेली हे त्याला मरेपर्यंत कळलंच नाही.

आणि हे वाक्य माझ्या भाच्याने स्वतःच्या आईला पाठवलं. न वाचता पाठवलं असेल, पण ताईने नीट वाचलं. 'मी पाय ओढते का गं त्याचे?' असं विचारत होती मला.

वरचं सगळं काल त्याला पाठवलं. उत्तर आलं, 'मावशी, केवढं मोठं आहे, पॉइंटमध्ये सांग ना.' म्हटलं, रविवारी ये. वाइल्डरचाच 'डबल इन्डेम्निटी' लावते, साबुदाण्याची खिचडी करते. येताना परीक्षेचा फॉर्म भरल्याची पावती घेऊन ये, नाहीतर दार उघडणार नाही.