करूरची ९४ वर्षांची बँक १० दिवसांत संपली

लक्ष्मी विलास बँकेवर बरेच दिवस लिहायचं होतं. तामिळनाडूतलं करूर, चादरी-टॉवेल आणि बसच्या बॉड्या बनवणारं गाव, तिथल्या ७ व्यापाऱ्यांनी १९२६ ला ही बँक काढली. दुकानदार, शेतकरी, छोटे कारखानदार हीच गिऱ्हाइकं, आणि त्यांच्या जिवावर बँक कितीतरी वर्षं नीट चालली. पुढे मोठ्या कंपन्यांना कर्जं द्यायचा नाद लागला आणि तिथेच घात झाला. मार्च २०२० ला दर १०० रुपये कर्जातले २५ थकलेले, वर्षाचा तोटा ८३६ कोटी! त्याआधीच इंडियाबुल्स या घरकर्ज देणाऱ्या कंपनीसोबतचं मर्जर रिझर्व्ह बँकेने नाकारलं होतं.

आणि १७ नोव्हेंबर २०२०, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी बातमी आली की खात्यातून फक्त २५,००० काढता येतील. त्या खातेदारांचं काय झालं असेल विचार करा, सणाचा खर्च नुकताच झालेला, वर कोरोना. २७ तारखेला बँक सिंगापूरच्या डीबीएस बँकेच्या भारतातल्या कंपनीत विलीन झाली, ५६३ शाखांसकट. डीबीएसने २,५०० कोटी आणले, ठेवीदारांचा पैसा न् पैसा वाचला, कामगारांच्या नोकऱ्या राहिल्या. हे चांगलंच झालं, परदेशी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही.

पण शेअरहोल्डर? सगळं भांडवल राइट ऑफ, म्हणजे रद्द, डीमॅट खात्यात शून्य. करूरकडच्या कित्येक घरांत हे शेअर आजोबांपासून जपलेले. आणि हेच लोक गप्प बसले नव्हते हो, २५ सप्टेंबरच्या एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, त्यांनी एमडीसकट ७ डायरेक्टरांना मतदानाने घरी पाठवलं होतं. मालकाने करायचं ते केलं आणि दोन महिन्यांत मालकीच गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये येस बँक बुडत होती तेव्हा तिथल्या शेअरहोल्डरांचे शेअर राहिले ना, लॉक-इन लावला, म्हणजे काही वर्षं विकायला बंदी, पण शून्य नाही केलं. मग इथेच का? बँक छोटी आणि दिल्ली-मुंबईपासून लांब म्हणून?

शेअरमध्ये रिस्क असते, मान्य. पण थकलेल्या कर्जातून उद्या काही वसूल झालं तर त्यातला थोडा वाटा जुन्या शेअरहोल्डरला मिळेल, एवढी एक ओळ तरी विलीनीकरणाच्या त्या स्कीममध्ये घालायला हवी होती.